नाव कोणाच्या नावावर?

नाशिकपासून समुद्र लांब आहे. आमच्या जिल्ह्याला गोदावरी आहे, दारणा आहे, गिरणा आहे, लहानमोठी धरणे आहेत. पण खारे पाणी नाही. मग नाशिकला बसून समुद्रातल्या मोठ्या बोटींवर लिहिण्याचे कारण काय, असे वाचक विचारतील. कारण साधे आहे. सातपूरच्या एका कारखान्यात कंत्राटावर काम करणारा डहाणूकडचा एक आदिवासी तरुण गेल्या महिन्यात घरी आला होता. त्याचा मोठा भाऊ पंधरा वर्षांपासून दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहे. त्या भावाला आता कोणीतरी सांगितले आहे की, तुझ्याकडे अनुसूचित जमातीचा दाखला आहे, सरकार ६० टक्के अनुदान देते, तेव्हा खोल समुद्रात जाणारी मोठी बोट घे. उरलेल्या पैशाची सोय मी करतो. तरुणाने विचारले, "सर, घ्यावी का?"

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. कारण हा प्रश्न एका बोटीचा नाही. दाखला ज्याचा, मालकीही त्याचीच होते का, हा तो प्रश्न आहे. आणि तो डहाणूइतकाच आपल्या वस्तीतलाही आहे.

आधी योजना समजून घेऊ. २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली. तिच्यात पारंपरिक मच्छीमारांसाठी खोल समुद्रातील मासेमारी नौकेची किंमत १ कोटी २० लाख रुपये धरली गेली. सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती आणि महिला यांना ६० टक्के अनुदान ठरले. म्हणजे आपल्या माणसासाठी ७२ लाख सरकारचे आणि ४८ लाख त्याचे. २७ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत माझगाव डॉक येथे केंद्रीय सहकारमंत्री अमित शहा यांच्या हस्ते अशा नौका लाभार्थ्यांना सोपवण्याचा समारंभही झाला. तरतूद चांगली आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण किनाऱ्याची समाजरचना पाहा. मासेमारीचा परंपरागत धंदा सोनकोळी, मांगेला, वैती यांचा. हे समाज अनुसूचित जमातीत नाहीत. उलट डहाणू, तलासरी, पालघर भागातला आदिवासी अनुसूचित जमातीत आहे. पण त्याच्याकडे बोट नाही, जाळे नाही, बंदरावर जागा नाही. तो बोटीवर जातो तो मजूर म्हणून. म्हणजे ज्यांच्याकडे धंदा आहे त्यांच्याकडे ६० टक्क्यांचा दाखला नाही आणि ज्यांच्याकडे दाखला आहे त्यांच्याकडे धंदा नाही. या दोघांच्या मध्ये जी फट राहते, तिच्यात तिसरा माणूस शिरतो. तो म्हणतो, सही तुझी, पैसा माझा. कोळी समाजातल्या कष्टकरी नाखव्याशी आपले भांडण नाही. तोही कर्जात आहे. भांडण आहे ते या तिसऱ्या माणसाशी.

हा माणूस आपल्याला नवा नाही. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीतल्या एका काकांच्या नावावर योजनेतून टेम्पो आला. वस्तीने पेढे वाटले. टेम्पोवर काकांचे नाव, नावापुढे 'प्रोप्रा.'. पण सुरुवातीची रक्कम भरली होती गावातल्या एका व्यापाऱ्याने. टेम्पो उभा राहायचा त्याच्या दारात, भाडे जायचे त्याच्या गल्ल्यात. काका त्याच टेम्पोवर हमाली करायचे. हप्ते थकले तेव्हा नोटीस मात्र काकांच्या झोपडीवर लागली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले की नाव असणे वेगळे आणि मालकी असणे वेगळे.

जमिनीचेही तेच. कर्मवीर दादासाहेब गायकवाड याच नाशिक जिल्ह्याचे. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह त्यांच्या नेतृत्वाखाली झाले. हजारो माणसे तुरुंगात गेली. पुढे ज्यांना पडीक जमिनीचे तुकडे मिळाले, त्यांच्यापैकी कितीतरी जणांकडे बैल नव्हते, विहीर नव्हती, बियाण्याला पैसा नव्हता. मग जमीन बटाईने गावातल्या मोठ्या शेतकऱ्याकडे गेली. सातबारा आपला, पीक त्याचे. लढा चुकीचा होता असे नाही. लढ्यानंतर जे भांडवल उभे राहायला हवे होते ते राहिले नाही.

बाबासाहेबांनी हे मर्म फार आधी सांगून ठेवले आहे. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय या विषयावर इंग्रजीत निबंध लिहिला. त्या वेळी मोठमोठे अर्थतज्ज्ञ म्हणत होते, शेताचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्यात आहे, तुकडे जोडा, शेत मोठे करा. अवघ्या सत्तावीस वर्षांच्या बाबासाहेबांनी त्यांना विचारले, लहान म्हणजे कशाच्या तुलनेत लहान? शेत किफायतशीर आहे की नाही हे त्याच्या आकारावर ठरत नाही. त्या जमिनीला जोडलेले भांडवल, अवजारे आणि श्रम यांच्या योग्य प्रमाणावर ते ठरते. जोड भांडवलाचे बळ नसेल तर शेत मोठे केल्याने शेतकरी सुधारणार नाही. जमिनीच्या जागी बोट ठेवा, तर्क तसाच्या तसा लागू पडतो.

हे प्रमाण आपण कागदावर मांडून पाहू. ४८ लाख कर्जाने उभे केले, व्याज १० टक्के धरले आणि मुद्दल सात वर्षांत फेडायचे ठरवले, तर पहिल्याच वर्षी ४ लाख ८० हजार व्याज आणि सुमारे ६ लाख ८६ हजार मुद्दल, म्हणजे साडेअकरा लाखांहून अधिक रक्कम जाते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. उरले दहा महिने. त्यांतले वादळाचे दिवस सोडून देऊ. म्हणजे डिझेल, बर्फ, रेशन, जाळ्यांची दुरुस्ती आणि खलाशांचा पगार यांतले काहीही हिशेबात धरण्याआधी दर महिन्याला १ लाख १६ हजारांच्या वर बाजूला काढावे लागतील. बोट जितकी मोठी आणि जितकी लांब जाणारी, तितके डिझेल आणि बर्फ जास्त. दोन फेऱ्या रिकाम्या आल्या की मालक उचल घ्यायला व्यापाऱ्याच्या दारात. एकदा उचल घेतली की मासळी त्यालाच द्यायची, तो म्हणेल त्या भावाने. खोल समुद्रात मिळतो तो प्रामुख्याने कुपा. आपल्याकडच्या बाजारात त्याला पापलेट-सुरमईचा मान नाही. त्याचा पैसा होतो तो शीतगृह, प्रक्रिया आणि निर्यात यांतून. ही साखळी ज्याच्या हातात, नफा त्याच्या हातात.

मग लहान बोटीवरच राहावे काय? तसे सांगणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. किनाऱ्याजवळचे पाणी थकले आहे. पर्ससीन जाळी, एलईडी दिव्यांची मासेमारी, लहान पिल्ले ओढणारी बारीक आसाची जाळी यांनी जवळचा समुद्र खरवडून काढला. राज्य सरकारला फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले. सातपाटीच्या मच्छीमार संस्थांनी ज्या पापलेटसाठी टाहो फोडला, त्याला २०२३ मध्ये राज्य मासा जाहीर करावे लागले, ते वाचवण्यासाठीच. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याची हद्द, त्यापुढे २०० मैलांपर्यंत देशाचे अनन्य आर्थिक क्षेत्र. तिथे आपला माणूस गेला नाही तर भांडवलवाला जाईल. १९९१ च्या धोरणाने तर परदेशी कंपन्यांच्या भागीदारीला दार उघडले होते. मच्छीमारांनी देशभर लढा दिला, मुरारी समिती नेमावी लागली आणि ते धोरण मागे घ्यावे लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने या क्षेत्रातील मासेमारीसाठी नवे नियम केले. त्यांत यांत्रिक नौकांना प्रवेश परवाना बंधनकारक केला आणि सहकारी संस्थांना प्राधान्य देण्याचे म्हटले आहे. दार उघडे आहे. प्रश्न आहे, आत कोण आणि कोणत्या नात्याने जाणार.

कारण मोठ्या बोटीची एक बाजू समारंभात दिसत नाही. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी गुजरातच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात. मासळीच्या मागे बोट सागरी सीमेजवळ जाते, पाकिस्तानची यंत्रणा पकडते आणि खलाशी कराचीच्या तुरुंगात जातो. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या यादीत आपला माणूस आहे का, हे पाड्यावरची बाई दुसऱ्याकडून वाचून घेते. बोट गेली तर मालकाचे भांडवल जाते. खलाशाचे आयुष्य जाते. पारंपरिक पद्धतीत बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि माणसांचा वाटा असे. बोट मोठी होत गेली तसा माणसाचा वाटा पगारात बदलला. जोखीम मात्र तेवढीच राहिली, किंबहुना वाढली.

म्हणून त्या तरुणाला मी शेवटी एवढेच सांगितले. भावाला एकट्याला बोट घेऊ देऊ नकोस. त्याच्यासारखे आठ-दहा अनुभवी खलाशी आणि एक तांडेल एकत्र करा. आपली सहकारी संस्था नोंदवा. सभासद तोच, जो बोटीवर जातो किंवा जिच्या हातून मासळी विकली जाते. पाड्यावरच्या बायकांना नुसत्या सहीपुरत्या घेऊ नका, त्यांना विक्रीच्या हिशेबावर बसवा. ४८ लाखांतला जो वाटा सभासदांचा, तो सभासदांकडूनच उभा करा. बाकीचे कर्ज बँकेचे किंवा सहकार निगमाचे असावे, व्यापाऱ्याचे नसावे. बोटीचा आणि खलाशांचा विमा पहिल्या फेरीआधी उतरवा. आणि हे जमत नसेल, तर आज मोठी बोट नको. आधी लहान बोट सामाईक घ्या, तिचा हिशेब दोन हंगाम स्वतः लिहा, मग मोठीकडे वळा. लहान बोटीत कमीपणा नाही. दुसऱ्याच्या मोठ्या बोटीला आपले नाव देण्यात कमीपणा आहे.

सरकारकडेही मागणी आहे. अनुदान दिल्यावर फोटो काढून थांबू नका. तीन वर्षांनी जाऊन पाहा, ७२ लाखांच्या सवलतीची बोट कोण चालवतो, मासळी कोणाला जाते, नफा कोण मोजतो. लाभार्थी त्याच बोटीवर रोजंदारीने सापडला, तर कारवाई त्याच्यावर करू नका, त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसावर करा.

राखीव जागा असो, जमीन असो, टेम्पो असो की बोट, नुसते नाव लागल्याने मुक्ती होत नाही. १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' लिहिताना बाबासाहेबांनी सामुदायिक शेतीचा आराखडा मांडला, तो जमीनदार, कूळ आणि भूमिहीन हे भेदच उरू नयेत म्हणून. समुद्राला सातबारा नाही. निदान तिथे तरी तो आराखडा खरा करून पाहायला कोणाची हरकत असावी?

तरुण परवा पुन्हा आला होता. भावाने त्या माणसाला नकार दिला आहे. सात खलाशी जमले आहेत, तांडेल अजून मिळायचा आहे.