पाण्याचे डाग आणि जयणा

पर्युषण जवळ आले की घरोघरी साफसफाईला आरंभ होतो. फडताळे रिकामी होतात, भांडी उजळतात, देवघर लखलखू लागते. न्हाणीघरातील नळाभोवती साचलेला पांढरा थर आणि भिंतीवरून ओघळलेले तांबूस पट्टे मात्र साबणाला दाद देत नाहीत. मग दुकानातून ॲसिडची बाटली येते, कामाला येणारी बाई नाकाला पदर लावून फरशीवर ते ओतते, फेस उठतो आणि डाग जातो. त्या दहा मिनिटांत तिच्या श्वासावाटे काय आत गेले, फरशीचे काय झाले आणि मोरीवाटे वाहून गेलेल्या द्रवाने वाटेतील किती जीव होरपळले, याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. ताटात काय असावे, याचा सूक्ष्म विचार करणाऱ्या समाजाने न्हाणीघरातील या बाटलीचाही विचार करावयास हवा. तो करण्यासाठी पाण्याची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

पाणी गाळून वापरणे ही जैन गृहस्थाची पहिली खूण मानली जाते. दुहेरी वस्त्रातून पाणी गाळावे आणि वस्त्रावर राहिलेले जीव जिवाणी करून पुन्हा मूळ जलाशयात सोडावेत, अशी रीत आहे. वस्त्र जीव आणि कचरा अडवते. परंतु पाण्यात विरघळलेले क्षार त्यातून सहज निसटतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे असे क्षार अधिक असलेल्या पाण्याला कठीण किंवा दुष्फेन पाणी म्हणतात. महाराष्ट्राचा बराचसा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. पावसाचे पाणी या पाषाणाच्या भेगांतून मुरताना क्षार घेऊन खाली उतरते आणि बोअरवाटे वर येते. कोकण व गोव्यातील जांभा दगड लोहाने समृद्ध आहे, त्यामुळे तेथील काही विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात लोह उतरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. असे पाणी प्रकृतीला बाधते, असा खात्रीचा पुरावा नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. म्हणून भयाचे कारण नाही. प्रश्न आहे तो साबणाचा, इंधनाचा आणि डागांचा.

साधा हिशेब मांडून पाहावा. कठीणता ४०० मिलिग्रॅम असलेले ५०० लिटर पाणी एका कुटुंबात रोज वापरले गेले, तर त्याबरोबर दररोज २०० ग्रॅम, म्हणजे वर्षाला ७३ किलो क्षार घरात येतात. त्यातील बहुतांश वाहून जातात. जेथे पाणी तापते किंवा जागच्या जागी वाळते, तेथेच ते मागे राहतात. गिझरच्या कॉइलवर थर चढला की उष्णता पाण्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो आणि विजेचे बिल वाढते. पाणी जितके अधिक तापवावे तितका थर लवकर धरतो. म्हणून गिझर स्नानापुरताच तापवणे हिताचे. कठीण पाण्यात डाळही लवकर शिजत नाही, कारण कॅल्शियममुळे दाण्यांचे आवरण घट्ट राहते.

या बाबतीत घरातील जुनी रीतच उपयोगी पडते. पाणी उकळले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होते आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट वेगळे होऊन तळाशी बसते. उकळलेले पाणी घेणाऱ्यांच्या पातेल्यात दिसणारी पांढरी भुकटी ती हीच. ती घाण नव्हे, अपायकारकही नव्हे. पाणी निवू द्यावे, तळ न ढवळता वरचे पाणी नितळून घ्यावे आणि पुन्हा वस्त्राने गाळावे. कठीणतेचा तात्पुरता भाग अशा रीतीने कमी होतो. याच पाण्यात डाळ शिजवली तर खाण्याचा सोडा घालण्याची गरज सहसा पडत नाही. सल्फेट आणि क्लोराइड यांच्यामुळे आलेली कठीणता मात्र उकळून जात नाही.

लोहाची गोष्ट निराळी आहे. बोअरमधून येताना पाणी काचेसारखे स्वच्छ असते, कारण लोह विरघळलेल्या रूपात असते. हवेशी संपर्क आला की त्याचे गंजासारख्या कणांत रूपांतर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार लोह लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेले की कपड्यांवर आणि भांड्यांवर डाग पडू लागतात. अशा पाण्याचा चहा काळपट होतो. परीक्षा सोपी आहे. थेट बोअरचे पाणी पांढऱ्या भांड्यात काही तास ठेवावे. ते हळूहळू पिवळसर झाले तर लोह पाण्यातच आहे. ते पाणी स्वच्छच राहिले आणि घरातील नळाला मात्र सकाळचे पहिलेच पाणी तांबूस येत असेल, तर दोष बहुधा गंजलेल्या जुन्या नळांचा असतो. तेथे यंत्र बसवण्यापेक्षा नळ बदलणे श्रेयस्कर. पाण्यातच लोह असेल, तर टाकीत पाणी उंचावरून, छिद्रे असलेल्या नळीतून तुषारांसारखे पडू द्यावे, रात्रभर स्थिर ठेवावे आणि वाळूच्या गाळणीतून खाली घ्यावे. हवा, वेळ आणि वाळू या तिन्हींनी बरेच काम होते. टाकी झाकलेली असावी. प्रकाश मिळाला की शेवाळ धरते, आणि शेवाळ हे अनंतकाय असल्याने ते उत्पन्नच होऊ न देणे हीच खरी जयणा.

एवढे झाल्यावर डागांकडे वळावे. पांढरा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. संगमरवर आणि शहाबादी फरशी यांचाही मुख्य घटक तोच. म्हणून जे ॲसिड थर खाते तेच फरशीही खाते. तिची चकाकी जाते, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पुढचा डाग अधिक घट्ट धरतो. दरवर्षी ॲसिडने धुतलेली फरशी दरवर्षी अधिक कळकट का दिसते, याचे उत्तर यात आहे. याहून गंभीर गोष्ट अशी, की ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरिन वायू निर्माण होतो. कोंदट न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो, आणि तेथे उभी असते ती बहुधा घरची मालकीण नसते.

नळ, स्टीलची भांडी आणि काचा यांवरील थरासाठी एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड पुरेसे होते. त्यात भिजवलेले फडके नळाभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवावे, मग मऊ घासणीने पुसून भरपूर पाण्याने धुवावे. पितळेला चिंच पुरते. दगडी फरशीला मात्र लिंबू किंवा चिंचही लावू नये. तेथे साबणाचे पाणी, मऊ ब्रश आणि धीर हेच साधन. पूजेच्या शुभ्र सुती वस्त्रांवर लोहाचे डाग पडले असतील तर ब्लीच कटाक्षाने टाळावे. त्याने डाग जाण्याऐवजी अधिक पक्का होतो. लिंबाचा रस व मीठ लावून वस्त्र थोडा वेळ उन्हात ठेवावे आणि स्वच्छ धुवावे. रंगीत किंवा रेशमी वस्त्रावर आधी एका कोपऱ्यात प्रयोग करून पाहावा.

तरीही सर्वांत स्वस्त उपाय वेगळाच आहे. डाग पाण्याने पडत नाही. पुसले न गेलेले पाणी वाळले की पडतो. देरासरात प्रक्षालानंतर प्रतिमेला अंगलुछणे करण्याची रीत आहे. ओलावा मागे राहू न देण्याची ती दक्षता भक्तीचा भाग असली, तरी संगमरवराचे रक्षणही तिनेच होते. स्नानानंतर नळ व भिंत कोरड्या फडक्याने पुसण्यास दोन मिनिटे लागतात, आणि ती रोज खर्चली तर वर्षअखेरीस बाटली आणावी लागत नाही.

यंत्र घेण्यापूर्वीही सावधपणा हवा. काही विक्रेते पाण्यात दोन विद्युत्‌ कांड्या बुडवून ते तपकिरी करून दाखवतात. तो रंग पुष्कळदा कांडीतील लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार नगण्य असल्याने वीज वाहत नाही आणि ते स्वच्छ दिसते, एवढेच. टीडीएस मोजणारे यंत्रही कठीणता किंवा लोह वेगळे सांगत नाही. म्हणून जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेचा अहवाल हाती असल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत. आरओमध्ये पाण्याचा मोठा भाग वाया जातो. टीडीएस ५०० हून कमी असेल तेथे आरओवर बंदी घालावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिला, तो याच नासाडीमुळे. मिठावर चालणारे सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम देते. ते गिझर व धुण्याला उत्तम, परंतु रक्तदाबाचा विकार असलेल्यांनी पिण्यासाठी मूळचेच पाणी घ्यावे.

आणि एक पाणी असे आहे की ज्यात कठीणता जवळजवळ नसतेच. १०० चौरस मीटर छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर ६०,००० लिटर पाणी पडते. पंचमांश वाया गेले असे धरले तरी ४८,००० लिटर उरते. पाच माणसांच्या पिण्याला व स्वयंपाकाला रोज २० लिटर लागतात असे धरले, तर वर्षाची गरज ७,३०० लिटरांची. अहमदाबादच्या पोळांतील जुन्या घरांत अंगणाखाली टाके असे, ते याच हिशेबावर. आज २,००० लिटरची झाकलेली टाकीही भरल्यापासून शंभर दिवस पुरते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, नंतरचे गाळून साठवावे आणि पिण्यापूर्वी उकळावे. त्या पातेल्याच्या तळाशी पांढरी भुकटी दिसणार नाही. चातुर्मासाचे चार महिने हेच पावसाचेही आहेत. छपराची पन्हळ आणि टाकी यांची जोडणी करण्यास यंदाही उशीर झालेला नाही.