कोरियन क्रियापदाचा शेवट

कोरियन वाक्यातही मराठीप्रमाणे क्रियापद शेवटी येते आणि आदर त्याच्या प्रत्ययातून व्यक्त होतो. ‘खाणे’ या क्रियेची ‘मॉगॉ’, ‘मॉगॉयो’ व ‘मॉक्सुम्निदा’ ही रूपे अनुक्रमे सलगीची, सौजन्याची व औपचारिक होत. व्यापारानिमित्त सोलला जाणाऱ्याने मधले रूप प्रथम आत्मसात करावे. नकारासाठी क्रियापदापूर्वी ‘आन्’ येते : ‘गोगी आन् मॉगॉयो’, म्हणजे ‘मांस खात नाही’.

परंतु एवढ्याने आहारनियम राखला जात नाही. किमचीतही बहुधा लसूण आणि खारवलेली मासळी असते. म्हणून ‘सेंगसॉन’ (मासा), ‘ग्येरान’ (अंडे), ‘मानुल’ (लसूण), ‘यांगफा’ (कांदा) हे शब्द पाठ असावेत. त्यांपुढे ‘प्पेगो जुसेयो’ जोडले की ‘वगळून द्यावे’ अशी विनंती होते. नियम दृढ असावा, प्रत्यय मात्र नम्रच असावा.