समज शाबूत आहे तोवर

जुन्नरला एका घरी मगरिबनंतर आम्ही बसलो होतो. अब्बा तिसऱ्यांदा विचारत होते, "अजान झाली का?" थोरला म्हणाला, "चाचा, मी मुखत्यारपत्र करून घेतलंय. पुढं कितीही विसरले तरी अडचण नाही."

अडचण तिथंच आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 201 नुसार, अधिकार देणाऱ्याची समज गेली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. ऐन गरजेच्या वेळी तो कागद कामाचा राहत नाही. मग उच्च न्यायालयात जावं लागतं. 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कोमातल्या एका पतीची पालक म्हणून पत्नीला नेमलं. पण शेतकऱ्याच्या घराला ती वाट सोपी नाही.

म्हणून स्मृतिभ्रंशाचं निदान होताच घरच्यांनी एकत्र बसावं आणि आधी अब्बांनाच विचारावं. निदानानं माणसाचा हक्क संपत नाही. जे त्यांना आज समजतं, ते त्यांनीच ठरवावं. मोठा व्यवहार असेल तर समज शाबूत असल्याचं डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

हिबा करायचा तर देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा, तिन्ही हवेत. न समजता उमटवलेला अंगठा हा हिबा नव्हे. वसीयत एक तृतीयांशापर्यंतच करता येते आणि बाकी वारसांच्या संमतीशिवाय एका वारसाला जास्त देता येत नाही. बहिणींचा वाटा असा गुपचूप उडवता येत नाही.

उपचारांसाठी 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. स्मरणशक्तीचा गंभीर विकारही त्याच्या व्याख्येत येतो. आपल्या वतीनं कोणी बोलावं, हे साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा करून ठरवता येतं. अब्बांचा भरवसा धाकट्या मुलीवर असेल, तर तिचंच नाव लिहावं.

सल्ल्यासाठी जुन्नर किंवा घोडेगावच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे जावं, किंवा 15100 वर फोन करावा. स्त्रियांना ही कायदेशीर मदत मोफत मिळते.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत देण्याघेण्याचा कागद करताना कमजोराच्या वतीनं त्याच्या वलीनं इन्साफानं मजकूर सांगावा, असा हुकूम आहे. मुखत्यारी ही अमानत आहे, मालकी नव्हे.

निघताना आम्ही थोरल्याला एवढंच म्हणालो, "बहिणींना बोलावून घे. आणि सकाळी, अब्बा ताजेतवाने असताना, सगळ्यांसमोर त्यांना विचार."