धुलाईयंत्राचे पुराण आणि नळाचे पाणी

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांची पत्रे आपल्यासारख्या बदलीच्या गावी दिवस काढणाऱ्या नोकरदारांच्या घरी मोठ्या आवडीने वाचली जातात. पूर्वी ती निळ्या हवाई पत्रांतून येत, आता फोनवर चित्रांसह येतात, एवढाच काय तो फरक. मजकुराचा साचा कायम आहे. प्रारंभी हवापाणी, मग घरातील यंत्रांची यादी, आणि शेवटी ‘आपल्याकडे हे केव्हा होणार कोण जाणे’ असा एक सुस्कारा. टोकियोहून येणाऱ्या पत्रांत तर हा साचा परमोत्कर्षास पोहोचलेला असतो. शौचकूपाचे आसन हिवाळ्यात आपोआप ऊन होते. स्नानाची कुंडी भरली की भिंतीतून एक मंजुळ आवाज तसे कळवतो. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या यंत्रातून एका कळीसरशी गरम कॉफीचा डबा निघतो आणि शेजारच्या कळीसरशी थंड चहाचा. कपडे धुणारे यंत्रच ते वाळवूनही देते. लिहिणाऱ्याचा आनंद शब्दाशब्दांतून ओसंडत असतो, आणि तो खोटा नसतो.

ह्या पत्रांवर आपल्या मंडळींत जी टीका होते तिचा समाचार घेणे हा प्रस्तुत लेखाचा पहिला हेतू. दुसरा हेतू पत्रलेखकांचा समाचार घेण्याचा आहे. परंतु त्यांची पाळी नंतर.

टीकाकार म्हणतात, ही भोगलोलुपता आहे. माणूस यंत्राचा दास झाला, त्याच्या संस्कृतीचे मोजमाप तो बटणांच्या संख्येने करू लागला, आपली साधी राहणीच बरी. हे उद्गार बहुधा रविवारी सकाळी, दुसऱ्या चहाच्या वेळी निघतात. त्याच वेळी आतल्या मोरीत एक बाई उकिडवी बसून वक्त्याच्याच सदऱ्याची कॉलर घासत असते. तिच्या आठवड्याला रविवार नसतो. साध्या राहणीचे हे तत्त्वज्ञान दुसऱ्याच्या मनगटावर उभे आहे, हे तत्त्वज्ञांच्या ध्यानात येत नाही. आणि आणून दिलेच तर ‘तिच्या पोटाचे काय?’ असा प्रतिप्रश्न करून ते स्वतःस तिचे अन्नदाते ठरवतात. ज्या पोटाची त्यांना एवढी काळजी, त्या पोटासाठी महिन्याकाठी शंभर रुपये वाढवून देताना मात्र घरात दोन दिवस खलबते चालतात.

यंत्रविरोधाला गांधीजींचा आधार घेण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु १९२४ साली यंत्रांसंबंधी प्रश्न विचारला गेला असता खुद्द गांधीजींनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता, आणि त्याचे कारण असे सांगितले होते की पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहवेनात म्हणून त्या माणसाने ते यंत्र घडविले. उलट बाजूने, बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधी यांच्यावरील ग्रंथात हेच सूत्र अधिक कठोरपणे मांडले: ज्याला फुरसत नाही त्याला संस्कृती नाही, आणि सर्वांना फुरसत मिळावयाची तर यंत्रावाचून गत्यंतर नाही. एरवी ज्यांचे फारसे पटले नाही असे हे दोन पुरुष ह्या एका बिंदूवर इतके जवळ येतात, तेव्हा आमच्या चहाच्या टेबलावरील वैराग्याने थोडे अवघडून बसावयास हरकत नाही.

जपानमध्येही ही यंत्रे आकाशातून पडली नाहीत. १९५५ च्या डिसेंबरात तोशिबाने भात शिजवणारे विजेचे भांडे बाजारात आणले. ते घडविणारे योशितादा मिनामी हे एका छोट्या कारखान्याचे मालक, आणि भात पुन्हापुन्हा शिजवून, त्याच्या उकळण्याची टिपणे ठेवून प्रयोग तडीस नेला तो त्यांच्या पत्नी फुमिको यांनी. युक्ती मोठी साधी होती. भांड्यात भांडे. बाहेरच्या भांड्यात मोजके पाणी घालावयाचे. ते आटून जाईतो आतला भात शिजतो, पाणी संपताच उष्णता शंभर अंशांच्या वर चढते, आणि दोन धातूंची एक पट्टी वाकून वीज तोडते. तोवर जपानी गृहिणी पहाटे अंधारात उठून चुलीपाशी बसत असे, जशा आपल्या आज्या बसत. ह्या भांड्याने तिला सकाळची झोप दिली. त्याच दशकात धुलाईयंत्र, शीतकपाट आणि दूरचित्रवाणी संच ह्या तीन वस्तूंना तेथील लोकांनी ‘तीन पवित्र रत्ने’ असे नाव दिले. ते नाव मूळचे सम्राटाच्या खड्ग, दर्पण आणि मणी ह्या राजचिन्हांचे! एका पिढीपूर्वी ह्या विनोदाला तुरुंग मिळाला असता.

पण ह्या कथेत एक पात्र असे आहे की ज्याचा उल्लेख आपले पत्रलेखक कधी करीत नाहीत, आणि ते म्हणजे मोलकरीण. युद्धापूर्वी जपानच्या मध्यमवर्गीय घरांतही खेड्यातून आलेली मुलगी कामाला असे. कारखाने आणि कचेऱ्या वाढल्या, त्या मुलींना तेथे अधिक पगार व ठराविक तास मिळू लागले, आणि घरकामाला माणूस मिळेनासे झाले. हात महागला म्हणून यंत्र आले. आपल्याकडे धुलाईयंत्र घरात असूनही भांड्यांना, केरवाऱ्याला, आणि ‘यंत्रात कॉलर स्वच्छ होत नाही’ म्हणून पुन्हा धुण्यालाही बाई लागते, ह्याचे कारण हात अजून स्वस्त आहे. घरकामगारांना इतर कामगारांच्या बरोबरीचे हक्क देणारा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा करार २०११ साली झाला. भारताने त्याचे अनुसमर्थन अद्याप केलेले नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला खरा. केंद्राचा स्वतंत्र कायदा मात्र नाहीच, आणि २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी समिती नेमा असे केंद्र शासनास सांगावे लागले. साध्या राहणीच्या पुरस्कर्त्यांनी आपल्या घरी आठवड्याची एक सुटी, वर्षाची पगारी रजा आणि दिवाळीचा बोनस एवढे जरी सुरू केले, तरी भांडी घासण्याच्या यंत्राविषयीचा त्यांचा तात्त्विक विरोध वर्षभरात मावळेल, अशी माझी खात्री आहे.

आता पत्रलेखकांकडे वळू. टोकियोच्या एदोगावा विभागात, निशी-कासाईच्या परिसरात, भारतीयांची मोठी वस्ती आहे. त्या विभागाच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडूनही आले. म्हणजे आपली माणसे तेथे केवळ पाहुणी राहिलेली नाहीत. तेथील नगरव्यवस्था त्यांना आतून ठाऊक आहे. असे असता पत्रांतून आपल्या वाट्याला व्यवस्था न येता केवळ बटणे का यावीत?

त्या बोलक्या स्नानकुंडीचेच घ्या. ती बोलते ते तिच्या कळीपाटीच्या करामतीने. पण ती भरते ती नळाला अष्टौप्रहर पाणी असते म्हणून. हे पाणी कोठून आले? १९५० च्या दशकाच्या मध्यास टोकियोच्या नळांतील सुमारे २० टक्के पाणी गळून जमिनीत जात असे. आज ते प्रमाण ४ टक्क्यांच्या आत आहे. ह्यामागे जुने नळ बदलण्याचा दीर्घ खटाटोप आहे, आणि दुसरे एक काम आहे ज्याचे चित्र कोणी फोनवर पाठवीत नाही. रात्री रहदारी थांबली की पाणीखात्याची माणसे रस्त्यावर उतरतात, एक लांब धातूची कांडी नळावर टेकवून तिचे दुसरे टोक कानाशी धरतात, आणि जमिनीखाली पाणी झिरपल्याचा आवाज येतो का ते ऐकतात. वर्षानुवर्षे, गल्लोगल्ली. तीही आपल्यासारखीच सरकारी माणसे. जपानमध्ये राहून ज्याला ऊन आसनाचे कौतुक वाटले आणि ह्या कांडीवाल्याचे वाटले नाही, त्याने जपान पाहिलेच नाही, असे मी म्हणेन.

हरवलेल्या वस्तूंचेही तसेच. २०१९ साली टोकियोच्या पोलिसांकडे ४० लाखांहून अधिक सापडलेल्या वस्तू जमा झाल्या. ‘तेथील लोक मुळातच प्रामाणिक’ एवढ्यावर आपले बांधव समाधान मानतात. परंतु चौकाचौकात वस्तू स्वीकारणारी पोलिसचौकी आहे, ती वस्तू नोंदवून जपून ठेवते, आणणाऱ्यास उलट प्रश्न विचारून आरोपी ठरवीत नाही, आणि देणाऱ्याला बक्षिसाचा हक्क कायद्याने दिलेला आहे. सापडलेले पाकीट घेऊन आपल्याकडील ठाण्यात ज्याने कधी पाऊल टाकले असेल, त्याला ह्यातील मर्म अधिक सांगावयास नको.

जे दुःखाचे आहे तेही ह्या पत्रांतून गळते. अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला जपानी भाषेत स्वतंत्र शब्द आहे, आणि तो टाळण्यासाठी २०१४ साली तेथे स्वतंत्र कायदा करावा लागला. एवढी यंत्रे घरात असूनही बिनपगारी घरकामाला जपानी पुरुष दिवसाकाठी सरासरी ४१ मिनिटे देतो आणि स्त्री २२४, असे प्रगत राष्ट्रांच्या संघटनेचे आकडे सांगतात. म्हणजे यंत्राने चूल विझवली, पण चुलीपाशी कोणी बसावयाचे हा निवाडा जसाच्या तसा राहिला. आपण ह्यावर हसू नये. २०१९ च्या आपल्या राष्ट्रीय पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे भरला. पुरुषांचा ९७, आणि तोही जे पुरुष असे काम करतात त्यांचा. तसे पुरुष शंभरात २६ निघाले.

सुटीवर आलेले हे बांधव येताना एखादे यंत्र घेऊन येतात, तो प्रसंग मोठा उद्बोधक असतो. जपानची वीज १०० व्होल्टची, आपली २३०ची. तेव्हा ते भाताचे भांडे चालविण्यास त्याच्याहून जड असा एक लोखंडी ठोकळा विकत आणावा लागतो. (येथून तिकडे नेलेला मिक्सर तेथे चटणीऐवजी नुसतीच कुरकुर करतो, ही त्याची दुसरी बाजू.) ह्या ठोकळ्यावरून मला आपल्या घरांतील यंत्रांची मोजदाद करण्याची बुद्धी झाली. एखाद्या मध्यम अधिकाऱ्याचे राजधानीतील घर घ्या. विजेचा दाब सांभाळणारा स्टॅबिलायझर, वीज गेली तर इन्व्हर्टर, पाणी गाळण्याचे यंत्र, पाणी ओढण्याचा टुल्लू पंप, आणि ते साठविण्यास गच्चीवर काळी टाकी. ह्यांतील एकही वस्तू टोकियोतल्या घरात गृहीत धरलेली नसते. आपण त्यांना सुखसोयी म्हणतो. वस्तुतः ज्याची त्याने स्वतःच्या खिशातून चालविलेली ती छोटी छोटी नगरपालिका आहे. ज्याचा खिसा रिकामा त्याची नगरपालिका नाही. टुल्लू पंप तर ह्याहून वाईट, कारण तो नळातले शेजाऱ्याचे पाणी ओढतो, आणि बंदीचे परिपत्रक ज्याने टंकलिखित केले त्याच्याही घरी तो असू शकतो.

‘आपल्या देशात हे होणे नाही’ हा पत्रलेखकांचा सुस्कारा आणि ‘आपल्याला ते नकोच’ हा टीकाकारांचा तोरा, दोन्ही वरकरणी विरुद्ध दिसले तरी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: कोणालाच काही करावयास नको. ओरिसातील पुरी शहरात २०२१ च्या जुलैपासून नळाचे पाणी चोवीस तास आणि न गाळता पिण्याजोगे देण्याची योजना सुरू झाली. ती आखणारे, निविदा काढणारे, टिपणीवर शेरे मारणारे सर्व लोक आपल्याच जातीचे, म्हणजे कारकून आणि अधिकारी.

येत्या हिवाळ्यात नेहमीप्रमाणे परदेशस्थ पाहुणे येतील, आणि ठिकठिकाणची महाराष्ट्र मंडळे त्यांना ‘तेथील जीवन’ ह्या विषयावर बोलावयास उभे करतील. श्रोत्यांनी त्यांना यंत्रांच्या किमती विचारू नयेत. जुने शीतकपाट टाकून देताना त्याच्या विल्हेवाटीचे शुल्क २००१ पासून तेथील गिऱ्हाइकालाच भरावे लागते. ते किती भरलेत, हे विचारावे. जळणारा कचरा कोणत्या वारी आणि न जळणारा कोणत्या वारी, कावळ्यांसाठी त्यावर टाकावयाचे जाळे आळीतला कोणता रहिवासी घालतो आणि कोण काढतो, आपली पाळी केव्हा येते, हे विचारावे. आणि सौभाग्यवती सोबत आल्या असतील, तर त्या यंत्रातले कपडे घड्या घालून कपाटात कोण ठेवतो, हे त्यांना नव्हे, त्यांच्या यजमानांना विचारावे.