बहुपुत्र कुटुंब आणि नागर पूर्वग्रह

खेड्यातील एखाद्या घरी सहा मुलगे आणि दोन मुली असल्याचे कळले, की सुशिक्षित मनाचा निवाडा तयार असतो : अडाणीपणा, पुत्रलोभ आणि उद्याची भाऊबंदकी. हा निवाडा इतका अंगवळणी पडला आहे, की त्याचा पुरावा मागण्याची गरज कोणास भासत नाही. साहित्याची परंपराही याला फारशी अपवाद नाही. शंभर कौरवांपैकी वाचकाच्या स्मरणात राहतात ते दुर्योधन, दुःशासन आणि फार तर विकर्ण. त्यांची एकुलती बहीण दुःशला बहुतेकांच्या गावीही नसते. नववधूस 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' असा आशीर्वाद द्यायचा आणि तो जिच्या बाबतीत खरा ठरला तिच्याकडे पाहून नाक मुरडायचे, ही विसंगती आपल्या समाजाने सुखेनैव पचविली आहे.

वस्तुतः पुत्रलोभाच्या आरोपाचे गणितच उलटे आहे. ज्याला वंशाचा दिवा हवा असतो, तो मुलगा झाला की थांबतो. मुलग्याची वाट पाहत वाढलेल्या घरात म्हणूनच मुली अधिक असतात आणि मुलगा बहुधा शेवटचा असतो. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने याच तर्काने 'नकोशा' मुलींची संख्या सुमारे २.१ कोटी असल्याचा अंदाज मांडला. जेथे एकामागून एक मुलगेच जन्मले, तेथे कारण वेगळे असते : हातांची गरज, किंवा निव्वळ योगायोग.

हातांची ही गरज पंजाबात स्पष्ट दिसली. खन्ना परिसरात १९५० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी कुटुंबनियोजनाचा मोठा प्रयोग केला. गावकऱ्यांनी गोळ्या सौजन्याने घेतल्या. अनेकांनी त्या वापरल्या मात्र नाहीत. महमूद ममदानी यांनी पुढे मनुपूर गावी जाऊन त्याचे कारण शोधले. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात एका पाणक्याची साक्ष आहे. ममदानींना जुन्या प्रयोगातील माणूस समजून त्याने सुनावले, की आपल्याला सहा मुलगे व दोन मुली आहेत, मुले कमावती झाली आहेत आणि मोठ्या कुटुंबामुळेच आपली गरिबी सरली. ज्याला अडाणी ठरविले होते, त्याने हिशेब चोख मांडला होता. मजूर लावण्याची ऐपत नाही आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन नाही, अशा माणसाचा तो हिशेब होता. अर्थात या साक्षीतही बोलतो तो बापच. आठ बाळंतपणे सोसलेल्या आईचा हिशेब कोणी विचारलेला नाही. ही उणीव गंभीर आहे. परंतु पूर्वग्रह बाळगणाऱ्यांनीही तो प्रश्न कधी विचारला नाही.

असे पूर्वग्रह केवळ मनात राहत नाहीत. १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर 'लहान कुटुंब' हे सभ्यतेचे लक्षण ठरले. त्या सभ्यतेचा ताळेबंदही पाहावा. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या; २०११ साली ८९४ उरल्या. कुटुंबे लहान होत गेली ती याच काळात, आणि लिंगनिवडीविरुद्धचा केंद्रीय कायदाही १९९४ पासून अस्तित्वात होता. पुत्रलोभ खेड्यातील गजबजलेल्या ओसरीवर शोधणाऱ्यांनी तो सोनोग्राफीच्या यंत्राशेजारीही शोधावयास हवा होता.

ओसरीवरच्या त्या मुलांपैकी एखादा शाळा सोडून गुरांमागे जातो, एखादा शहरात मजुरी करून घरी पैसे धाडतो, एखाद्याचे लग्न जमीन नाही म्हणून अडते. बहीण सासरी जाते आणि वाटणीच्या वेळी तिचे नाव कोणी काढीत नाही. या प्रत्येकाची कथा निराळी आहे. समाजशास्त्राला संख्येवाचून गत्यंतर नसेल. साहित्याला मात्र माणसे मोजून थांबण्याची मुभा नाही. बहुपुत्र घराचे चित्र रंगविणाऱ्या प्रत्येक कादंबरीस समीक्षेने निदान एवढे विचारावे, की यातील मुलांना नावे आहेत काय, आणि त्यांची आई कोठे बोलते?