मुलाखतीचें नवें सोवळें

कपाशी पिकवितो कुणबी, सूत विणतो साळी-कोष्टी, रंग चढवितो रंगारी, कापड बेतून शिवतो शिंपी, धुऊन कडक इस्त्री करितो परीट, आणि पायांतला जोडा बनवितो चर्मकार. माणसाच्या अंगावरचा एकूणएक धागा आमच्याच हातांखालून जातो. आणि आमचाच मुलगा नोकरीच्या मुलाखतीस गेला म्हणजे ज्यांनीं जन्मांत सुई हातीं धरिली नाहीं, ते त्यास नाक मुरडून विचारितात, "कपडे कसे घालावे एवढेंही तुला समजत नाहीं काय?" या प्रश्नाचा एकदां नीट समाचार घेणें जरूर आहे.

पूर्वीं रेशमी मुकटा नेसून भटजी पाटावर बसला, आणि चुकून आमचा स्पर्श झाला, कीं त्याचें सोवळें मोडत असे. तो मुकटा किड्याच्या कोशापासून निघाला आणि साळ्याच्या मागावर विणला गेला, याचा मात्र त्यास कधीं विटाळ झाला नाहीं! आज मुकट्याची जागा कोटानें व टायनें घेतली आहे. बाकी खेळ तोच. फरक एवढाच कीं, हें नवें सोवळें पाळणारे आतां एका जातीचे राहिलेले नाहींत. ज्यांच्या बापाच्या डोक्यास मुंडासें होतें, जे आमच्यांतूनच शिकून साहेब झाले, तेही टेबलापलीकडे बसून खेड्यांतल्या पोराच्या चपलेकडे पाहतात आणि एकमेकांस डोळा घालितात. परक्यापेक्षां या घरच्या साहेबांस आम्ही अधिक दोष देतों.

कोणी म्हणेल, मास्तर राईचा पर्वत करितात. तर घडलेल्या दोन गोष्टी ऐका. २०१४ सालीं चेन्नईंत खुद्द उच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश वेष्टी, म्हणजे तिकडचें धोतर, नेसून एका क्रिकेट क्लबांतील समारंभास गेले, तर त्यांस दारांतूनच परत फिरावें लागलें. त्यावर मोठी ओरड झाली आणि त्याच वर्षीं तमिळनाडूच्या विधानसभेनें अशी मनाई उठविणारा कायदा केला. जुलै २०२४ मध्यें बंगळुरांत एक वृद्ध शेतकरी धोतर-पागोट्यानिशीं मुलाबरोबर सिनेमा पाहण्यास गेला, तेव्हां मॉलच्या पहारेकऱ्यानें त्यास अडविलें. तेथेंही ओरड झाली आणि सरकारनें तो मॉल सात दिवस बंद ठेवण्याचा हुकूम काढिला. न्यायाधीशासाठीं कायदा झाला, शेतकऱ्यासाठीं सरकार हललें, हें चांगलेंच झालें. परंतु मुलाखतीच्या खोलीचें दार बंद असतें. आंत पोराचा पाणउतारा झाला तर साक्षीदार कोण? बाहेर येऊन तो एवढेंच सांगतो, "बाबा, नाहीं झालें."

या भीतीनें घरें कशीं पोखरलीं जातात तें पाहा. मुलाखतीचें पत्र आलें कीं आनंदाच्या आधीं काळजी शिरते. पोरगा म्हणतो, कोट पाहिजे. आई बचत गटांतून पैसे उचलते, बाप दुभती शेळी बाजारांत नेऊन उभी करितो. एका दिवसाच्या कोटापायीं घरचें दूध गेलें, आणि नोकरी लागली ती दुसऱ्यासच! कोट पेटींत पडून राहतो आणि हप्ता मात्र दर महिन्यास उभा. लग्नांतल्या कर्जाचें हें धाकटें भावंड होय. ज्या सत्यशोधकांनीं लग्नाची उधळपट्टी मोडण्यास सांगितलें, त्यांच्या लेकरांनीं मुलाखतीसाठीं नवी उधळपट्टी सुरू करावी काय?

मग मळकें-फाटकें घालून जावें असें आमचें म्हणणें आहे काय? मुळींच नाहीं. गबाळेपणा म्हणजे स्वाभिमान नव्हे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, पोशाख दोन प्रकारचा असतो, एक कामाचा आणि एक तोऱ्याचा. या दोहोंतील भेद ओळखावा. चालत्या यंत्राजवळ जाणाऱ्या कामगारानें अंगासरशी बसणारे कपडे घालावे, अशी अट १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यांत होती. कारण ढिली बाही पट्ट्यांत सांपडली तर हात जातो. दवाखान्यांतला स्वच्छ डगला, भटारखान्यांतली डोक्यावरची टोपी, वायरमनचे रबरी हातमोजे, हा सर्व कामाचा पोशाख. तो बिनतक्रार घालावा, आणि तो मालकानें पुरवावा. पण जो फिटरची जागा मागण्यास आला, त्याच्या गळ्यांत टाय कशाला? लेथजवळ टाय म्हणजे गळफासच. हा झाला तोऱ्याचा पोशाख. त्यानें काम तिळभरही सुधारत नाहीं. फक्त कोण आंतला आणि कोण बाहेरचा हें दारांतच ठरतें.

आमच्या वडील मंडळींनीं हा भेद नीट ओळखिला होता. मार्च १८८८ मध्यें राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यास आला असतां त्याच्या मेजवानीस जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषांत गेले, आणि या भरजरी मंडळीवरून देशाची परीक्षा करूं नका, खरी प्रजा खेड्यांत आहे, असें त्यांनीं त्यास बजाविलें. जोतीरावांस कोट मिळत नव्हता असें नव्हे. ते नगरपालिकेचे सभासद राहिलेले आणि बांधकामाचे ठेके घेणारे गृहस्थ होते. उलट, डिसेंबर १९२७ मध्यें महाडास डॉ. आंबेडकरांनीं स्त्रियांस सांगितलें कीं, स्वच्छ राहा, आणि ज्या नेसण्यावरून व दागिन्यांवरून तुमची जात लोकांस ओळखूं येते तीं टाकून द्या. ते स्वतः तर सूट-बुटांत वावरत. एकानें शेतकऱ्याचा वेष मुद्दाम घातला, दुसऱ्यानें जातीच्या खुणा मुद्दाम टाकविल्या. वरवर पाहतां हें उलटसुलट दिसतें. पण दोघांचा धडा एकच आहे. आमच्या अंगावर काय असावें हें आम्ही ठरवूं, आमचा कमीपणा दाखविण्यासाठीं दुसऱ्यानें तें ठरवूं नये.

आतां मुलाखत हें माप तरी कितपत खरें? श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतील प्रवेशासंबंधीं अजय हासिया नांवाचा खटला गाजला. एकेका उमेदवाराची मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली, अशी त्यांत तक्रार होती. तोंडी परीक्षेस एकूण गुणांपैकीं शेंकडा १५ हून अधिक गुण ठेवणें ही मनमानी होय, असें सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर १९८० मध्यें सांगितलें. दोन-तीन मिनिटांत माणसाचें दुसरें काय दिसणार? कॉलरची कड आणि जोड्याची चकाकी! पुढें १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारनें अराजपत्रित ‘ब’ वर्ग आणि ‘क’ व ‘ड’ वर्ग यांच्या भरतींतून मुलाखतच काढून टाकिली. म्हणजे मुलाखतीवांचून माणसें निवडतां येतात हें सिद्ध झालें. राहिल्या खाजगी कंपन्या, पतपेढ्या, शिक्षणसंस्था, साखर कारखाने. तेथें मुलाखत हेंच अजून सर्व कांहीं आहे.

मुलींचें तर दुहेरी मरण. साडी नेसली तर ‘गांवठी’, पंजाबी ड्रेस घातला तर ‘साधी’, शर्ट-पँट घातली तर ‘फारच पुढारलेली’! मुलगा काय बोलतो हें निदान अर्धें तरी ऐकतात. मुलीला आधीं नखशिखांत न्याहाळतात आणि मग प्रश्न विचारितात. हिशेब लिहिण्याच्या जागेसाठीं आलेल्या मुलीच्या अंगावरील कपड्यांचा हिशेब मागणारे हे कोण?

उमेदवार पोरापोरींस आमचें सांगणें असें. कर्ज काढून कोट घेऊं नका, आणि दुसऱ्याचा मागूनही घालूं नका. उसना कोट खांद्यावर लोंबतो आणि मनही लोंबकळत ठेवितो. साधा, एकरंगी, अंगाबरोबर शिवलेला सदरा; गडद विजार; पुसलेला जोडा; कापलेलीं नखें; विंचरलेले केस, एवढें पुरे. मुलींनीं ज्यांत मोकळेपणीं चालतां-बसतां येतें तें नेसावें. नवा कपडा दोनदां वापरून मगच जा, म्हणजे तो अंगाला टोंचणार नाहीं. उरलेला पैसा पुस्तकांस आणि प्रवासाला ठेवा. गांवच्या शिंपी बंधूंनीं मुलाखतीस जाणाऱ्या पोराचा एक जोड नुसत्या कापडाच्या किंमतींत शिवून द्यावा, परीट बंधूंनीं त्याची इस्त्री फुकट करावी. एवढी भाऊबंदकी आमच्यांत उरली नसेल, तर सभा भरवून ‘बहुजन, बहुजन’ म्हणून ओरडण्यांत अर्थ नाहीं.

आणि घरच्या साहेबांस आमचें मागणें असें. जागेची जाहिरात काढाल तेव्हां कामास कोणता पोशाख लागतो आणि तो कोण देणार, हें तींतच छापा. मुलाखतीचे गुण कशाकशाला दिले तें कागदावर लिहा, आणि त्यांत कोट-टायचें घर ठेवूं नका. पतपेढ्या, संस्था, कारखाने यांच्या गाद्यांवर आज पुष्कळ ठिकाणीं आमचींच माणसें बसलेलीं आहेत, तेव्हां आतां कोणत्या भटजीचें नांव पुढें करणार?

शेतकरी बंधूंनो, कारखान्याचे व पतपेढीचे सभासद तुम्ही आहां. वार्षिक सर्वसाधारण सभेंत नुसता चहा पिऊन आणि हात वर करून परत येऊं नका. धोतर नेसून जा, पागोटें बांधून जा, पुढच्या खुर्चीवर बसा आणि संचालकांस विचारा: गेल्या वर्षीं किती जागा भरल्या, कोणत्या कसोटीवर भरल्या, आणि आमचीं पोरें कशावरून नापास केलीं? उत्तर मिळेपर्यंत उठूं नका.

— एक खेड्यांतील शाळामास्तर