दिल्ली दोन तासांवर, पण कुणापासून?

"पुणे-दिल्ली फक्त दोन तास दहा मिनिटं." विमानतळाचा विषय निघाला की हा आकडा कुणीतरी फेकतोच. हवाई अंतर साधारण साडेअकराशे किलोमीटर, त्यामुळे आकडा खोटा नाही. फक्त तो दौंडच्या माणसाचा नाही.

हिशोब मांडा. सकाळी 6 चं विमान. दोन तास आधी या, असं विमान कंपन्याच सांगतात. म्हणजे 4 ला लोहगाव. पाटस, यवत, उरुळी, लोणी, हडपसर करत रात्रीच्या मोकळ्या रस्त्यानं दोन तास धरा. 2 ला घर सोडायचं, तेही गाडी स्वतःची किंवा भाड्याची असेल तर. 8 नंतर दिल्लीत उतरायचं, बॅग घेऊन शहरात पोचेपर्यंत साडेनऊ. झाले साडेसात तास! त्यात विमान हवेत किती? दोन तास. दौंड ते लोहगाव आणि पुणे ते दिल्ली, दोन्हीला वेळ जवळपास सारखाच. दिवसाचं विमान असेल तर हडपसरची कोंडी आणखी वेगळी.

विमान आणखी वेगानं उडून हे बदलणार नाही. दुखणं खाली जमिनीवर आहे.

पुणे-दौंड रेल्वेनं 75 किलोमीटर. 2017 साली या मार्गावर विजेच्या तारा आल्या. आम्ही म्हणलं, आता लोकल येणार. आली डेमू. वर तारा विजेच्या, खाली गाडी डिझेलची! तिकडे पुणे-लोणावळा 64 किलोमीटरवर 1978 पासून लोकल धावतेय. अकरा किलोमीटर जास्त आहोत म्हणून आम्ही उपनगरात बसत नाही का?

कॉर्डलाईनचं बघा. पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना दौंड जंक्शनात इंजिन फिरवावं लागायचं, वेळ जायचा. म्हणून बाहेरून कॉर्डलाईन काढली. गाडीचा वेळ वाचला, चांगलं झालं. पण त्या गाडीनं येणारा दौंडकर आता गावाबाहेर उतरतो आणि अपरात्री सामान, म्हातारी माणसं घेऊन रिक्षा शोधतो. गाडीची वाचलेली मिनिटं कागदावर दिसतात, त्याची गेलेली कुणी मोजत नाही. विमानाच्या दोन तासांचंही तसंच आहे. मोजणारा विमानतळाच्या दारात उभा राहून मोजतो.

आता पुरंदर. सात गावांची जमीन मागितली जातेय, अंजीर-सीताफळाच्या बागांसकट. पारगाव, खानवडी, कुंभारवळणचे लोक रस्त्यावर उतरले, त्यांचा राग मला समजतो. त्यांना सांगितलं जातं, 'विकासासाठी त्याग करा.' आणि दौंड-शिरूरला सांगितलं जातं, 'विमानतळ तुमच्या जवळ येतोय.' जवळ म्हणजे नकाशावर की एसटीनं? दौंडहून सासवडकडे जायचं म्हणजे काय, हे ज्यांनी एकदा स्टँडवर बसून बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

विमानतळाला माझा विरोध नाही. कुरकुंभ एमआयडीसीतल्या माणसाला, मुलाखतीला दिल्लीला निघालेल्या पोराला तो हवाच आहे. पण खासदार-आमदार साहेब, पुढच्या सभेत विमान किती तासांत पोचतं ते सांगू नका. दौंड जंक्शनवर पहाटे 2 ला उभा असलेला माणूस, स्वतःची गाडी नसताना, त्या विमानापर्यंत कसा जाणार ते सांगा. पुणे-दौंड लोकल कधी, तेही सांगा. तारीख सांगा, मी पहिल्या पानावर छापतो.